हृदयरुग्णांच्या मॉनिटरिंग उपकरणांची डीलरशिप घ्यायचीय? आधी एवढं वाचा

मिरज, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात मी सात वर्षं मॉनिटर दुरुस्तीची नोकरी केली. २०२१ पासून माझी स्वतःची छोटी फर्म आहे. हृदयरुग्णांचा रक्तदाब आणि रक्तप्रवाह मोजणारी उपकरणं मी हॉस्पिटलांना पुरवतो. महिन्याला दोन-तीन तरी फोन येतात. कुणी औषध कंपनीत एमआर असतो, कुणी बायोमेडिकलचा डिप्लोमा केलेला, कुणाचं सर्जिकलचं दुकान असतं आणि त्याला आता ‘कार्डिअॅकच्या लाइनमध्ये’ यायचं असतं. प्रश्न साधारण तेच असतात आणि चुकाही त्याच. म्हणून सगळं एकदाच, क्रमाने लिहून काढतो.

या लाइनला धंद्यात ‘हिमोडायनॅमिक मॉनिटरिंग’ म्हणतात. शब्द जड वाटला तरी काम साधं आहे: रक्त किती दाबाने वाहतंय आणि हृदय दर मिनिटाला किती रक्त पुढे ढकलतंय हे मोजायचं. त्या आकड्यावर डॉक्टर औषधाचा पंप वर-खाली करतात. म्हणून इथे विकलेला माल गिऱ्हाइकाच्या दारात उतरवला की काम संपलं, असं होत नाही.

१. बाजारात नेमका काय माल आहे ते ओळखा

नवीन माणूस सगळं एकाच टोपलीत टाकतो. प्रत्यक्षात हे चार वेगळे बाजार आहेत, आणि त्यांचे गिऱ्हाईक, भांडवल आणि उधारी वेगवेगळी असते.

पहिला, दंडाला पट्टा (कफ) बांधून रक्तदाब मोजणारी यंत्रं. घरी वापरायचं डिजिटल यंत्र आणि २४ तास अंगावर बांधून ठेवायचं अॅम्ब्युलेटरी यंत्र, दोन्ही यात आली. इथे मेडिकल दुकानं आणि ऑनलाइन विक्रीवाले भावाने तुमची दमछाक करतात. शिरायचंच असेल तर यंत्राची अचूकता आयएसओ ८१०६०-२ या मानकाप्रमाणे माणसांवर तपासली आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्या. खोक्यावर ‘क्लिनिकली टेस्टेड’ छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका.

दुसरा, आयसीयूतला माल: खाटेशेजारचा मल्टिपॅरा मॉनिटर, त्यातलं आयबीपी मॉड्यूल (धमनीतला दाब थेट मोजणारा भाग) आणि डिस्पोजेबल प्रेशर ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाबाच्या सेन्सरचं किट. मनगटातल्या धमनीत बारीक कॅन्युला घालून थेट दाब मोजतात, त्याला सगळे ‘आर्ट लाइन’ म्हणतात. नवीन डीलरने इथून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. मॉनिटर एकदाच विकला जातो, पण ट्रान्सड्यूसर दर पेशंटला लागतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तो ९६ तासांनी बदलायचा असतो. आठ खाटांच्या कार्डिअॅक आयसीयूत महिन्याला किती आर्ट लाइन टाकल्या जातात एवढं विचारलंत की खपाचा अंदाज कागदावर मांडता येतो.

तिसरा, कार्डिअॅक आउटपुट, म्हणजे हृदय दर मिनिटाला किती रक्त ढकलतंय ते मोजणारा माल. यात सर्वांत जुनं नाव स्वान-गँझ कॅथेटरचं, म्हणजे शिरेतून आत घालायच्या बारीक नळीचं. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाई हॉस्पिटलातल्या जेरेमी स्वान आणि विल्यम गँझ यांनी १९७० साली तो जगापुढे आणला. समुद्रावरच्या शिडाच्या होड्या पाहून स्वान यांना वाटलं की कॅथेटरच्या टोकाला फुगा लावला तर रक्तप्रवाहच त्याला फुप्फुसाच्या धमनीपर्यंत घेऊन जाईल. आजही हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियांत आणि कार्डिओजेनिक शॉकमध्ये (हृदय कमी पडून रक्तदाब कोसळतो तेव्हा) तो लागतो, पण सरसकट वापर पूर्वीपेक्षा खूप कमी झालाय. त्याच्या जागी आर्ट लाइनच्या लहरीवरून आउटपुट काढणारे सेन्सर आले. पिको नावाची पद्धत आहे, तिच्यात थंड सलाइन देऊन हिशोब मांडतात. यातली मशिनं महाग असतात आणि डिस्पोजेबल त्याहून बोचतात. घेणारी हॉस्पिटलं एका जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतकी.

चौथा, कॅथलॅबचा, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी होते त्या खोलीचा माल. कॅथलॅबमधली दाब नोंदवणारी सिस्टिम मोठ्या कंपन्या थेट विकतात, तिथे आपला शिरकाव कठीण. एफएफआरच्या (हृदयाच्या धमनीतला ब्लॉक तपासण्याच्या) प्रेशर वायर मात्र डीलरमार्फत जातात. अडथळ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजून ब्लॉक खरोखर रक्तप्रवाह अडवतोय का, हे त्या सांगतात. पलीकडच्या दाबाला अलीकडच्या दाबाने भागून ०.८० किंवा त्याखाली आकडा आला तर ब्लॉक महत्त्वाचा मानतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या फेम या अभ्यासात १,००५ रुग्ण होते. फक्त अँजिओग्राफीवर विसंबून स्टेंट घालण्यापेक्षा एफएफआर मोजून घालणं रुग्णांना जास्त फायद्याचं ठरलं. वायर विकायला जाणाऱ्याने निदान एवढा अभ्यास केलेला असावा.

शरीरात कायमचे बसवायचे सेन्सरही आहेत. कार्डिओमेम्स हा फुप्फुसाच्या धमनीत बसतो, त्याला बॅटरी नसते आणि अमेरिकेच्या एफडीएने तो मे २०१४ मध्ये मंजूर केला. ऐकून ठेवा, पण सुरुवात तिथून करायचा विचार सोडा.

२. माल विकण्याआधी तो लावायला शिका

हा टप्पा लोक गाळतात. मी मात्र यावरच सगळ्यात जास्त लिहिणार आहे.

ट्रान्सड्यूसर किटमध्ये काय असतं ते हातात घेऊन बघा. एक सेन्सर, घट्ट नळी, दोन-तीन थ्री-वे (तीन तोंडांच्या तोट्या), ओढली की सलाइन जोरात सोडणारी फ्लशची शेपटी आणि सलाइनला लावायचा स्पाइक. ५०० मिलीची सलाइन प्रेशर बॅगेत घालून बॅग पाऱ्याच्या ३०० मिलिमीटरपर्यंत फुगवायची, म्हणजे तासाला साधारण ३ मिली सलाइन आपोआप आत जात राहते आणि लाइन गोठत नाही. मग सेन्सर पेशंटच्या हृदयाच्या पातळीला आणायचा, म्हणजे चौथी आंतरबरगडी जागा आणि काखेची मधली रेघ जिथे मिळते तिथे. थ्री-वे हवेकडे उघडून मॉनिटरवर झिरो करायचा, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब शून्य धरायचा.

पातळी का एवढी महत्त्वाची? गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून भिंतीची पातळी काढतो, ते आठवा. आर्ट लाइन ही तशीच पाण्याने भरलेली नळी आहे. सेन्सर हृदयाच्या १० सेंटिमीटर खाली गेला तर मॉनिटर साधारण पाऱ्याच्या ७ मिलिमीटरने जास्त दाब दाखवतो. वर गेला तर तितकाच कमी.

हे मी पुस्तकातून शिकलो होतो, पण अंगात भिनलं ते एका रात्री. फर्म सुरू होऊन चार महिने झाले असतील. एका हॉस्पिटलात मी सहा मॉनिटर लावले होते. रात्री पावणेतीनला सिस्टरचा फोन आला, “दादा, तुमचं मशीन आणि कफ जुळत नाही. मशीन १२२ दाखवतंय, कफवर ९८ येतंय. डॉक्टर नॉरअॅड्रेनालिन कमी करायला सांगतायत.” हे रक्तदाब टिकवून धरणारं औषध. मी वीस मिनिटांत पोचलो. मशीन ठणठणीत होतं. पेशंटला कूस बदलायला खाट वर घेतली होती आणि सेन्सर सलाइनच्या स्टँडवर होता तिथेच राहिला होता. टेपने मोजलं तर अंतर बरोबर एक फूट, म्हणजे तीस सेंटिमीटर. बावीसेक मिलिमीटरचा फरक तिथून आला होता. होल्डर वर सरकवला, पुन्हा झिरो केला आणि आकडा १०१ वर आला. सिस्टरने कफही लावून बघितलं म्हणून पेशंटचं औषध कमी झालं नाही. लावताना मी दिवसपाळीच्या स्टाफला शिकवलं होतं, रात्रपाळीला नाही. ती चूक माझी होती. तेव्हापासून तिन्ही पाळ्यांना शिकवल्याशिवाय आणि तिन्ही पाळ्यांच्या सह्या घेतल्याशिवाय मी इन्स्टॉलेशन रिपोर्ट पूर्ण करत नाही.

दुसरी गोष्ट फ्लश टेस्ट. शेपटी ओढून सोडली की स्क्रीनवर चौकोनी लहर येते. सोडल्यावर एक-दोन झोके घेऊन रेघ जागेवर आली तर लाइन चांगली. झोकाच आला नाही तर लाइन डॅम्प, म्हणजे मंद झालीय: नळीत हवेचा बुडबुडा आहे, टोकाला गुठळी आहे किंवा बॅगेतला दाब उतरलाय. झोके थांबतच नसतील तर नळी गरजेपेक्षा लांब आहे किंवा मध्ये थ्री-वे जास्त जोडलेत. ‘ट्रान्सड्यूसर खराब निघाला’ म्हणून येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक या टेस्टने जागेवरच सुटतात.

आणि कफचा वरचा आकडा आर्ट लाइनच्या वरच्या आकड्याशी तंतोतंत जुळेल, असं कुणालाही सांगू नका. मनगटातली लहर मुळातच जास्त टोकदार असते. तुलना करायची असेल तर सरासरी दाबाची करा.

हे शिकायचं कुठे? ओळखीच्या भूलतज्ज्ञांना किंवा आयसीयूच्या इनचार्ज सिस्टरना विनंती करा आणि महिनाभर संध्याकाळी दोन तास बाजूला उभं राहून बघू द्या म्हणावं. पेशंटला हात लावायचा नाही, हा नियम स्वतःहून पाळा. बहुतेक जण परवानगी देतात.

३. कंपनी निवडताना

आधी परवाना बघा, मग मार्जिन. भारतात वैद्यकीय उपकरणं ‘वैद्यकीय उपकरण नियम, २०१७’ खाली येतात. धोक्याप्रमाणे अ, ब, क, ड असे चार वर्ग आहेत. अ आणि ब वर्गाला १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि क व ड वर्गाला १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा आहे. माल आयातीचा असेल तर आयातदाराकडे एमडी-१५ हवा. भारतात बनलेला असेल तर अ-ब वर्गासाठी एमडी-५ आणि क-ड वर्गासाठी एमडी-९. परवान्याची प्रत मागा आणि सोबतच्या यादीत तुम्ही विकणार आहात तेच मॉडेल आहे का, ते शोधा. कंपनीचा परवाना असतो, पण नवं मॉडेल त्यात चढवलेलंच नसतं, असं मी दोनदा पाहिलंय.

परदेशातून जुनी, रंगरंगोटी केलेली मशिनं स्वस्तात आणून देतो म्हणणारे भेटतील. त्यांच्यापासून लांब राहा. नूतनीकरण केलेल्या उपकरणांना परवाना देण्याची तरतूदच या नियमांत नाही.

कंपनी डीलरला देते त्या अधिकारपत्रात जिल्हे, मुदत, टार्गेट आणि करार संपल्यावर उरलेला माल परत घेण्याची अट, या चार गोष्टी असल्याच पाहिजेत. शेवटची अट फार महत्त्वाची आहे, कारण या क्षेत्रातल्या कंपन्या सारख्या हात बदलतात. पिको बनवणारी पल्सियन २०१४ मध्ये गेटिंगे समूहाकडे गेली. प्रेशर वायरवाली व्होल्कॅनो फिलिप्सने घेतली. कार्डिओमेम्ससकट सेंट ज्यूड २०१७ मध्ये अॅबटकडे आली. आणि स्वान-गँझचं नाव ज्यांच्याशी जोडलेलं, त्या एडवर्ड्सचा क्रिटिकल केअर विभाग २०२४ मध्ये बीडी या कंपनीने ४.२ अब्ज डॉलरला विकत घेतला. वर असा सौदा झाला की खाली डीलरची यादी नव्याने लिहिली जाते. तुमच्या गोदामात सहा महिन्यांचा माल पडलेला असेल तर तो कोण घेणार, हे कागदावर आधीच असायला हवं.

४. एमडी-४२ नोंदणी

उपकरणं विकायला, साठवायला, वाटायला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून एमडी-४२ हे नोंदणी प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ही सोय सप्टेंबर २०२२ च्या दुरुस्तीने आली. अर्ज एमडी-४१ नमुन्यात करायचा, फी ३,००० रुपये. प्रमाणपत्र कायम चालतं, फक्त दर पाच वर्षांनी ते टिकवण्याची फी भरायची. तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवा.

अर्जाआधी ही कागदपत्रं एका फाइलमध्ये जमवा:

- फर्मच्या घटनेचे कागद: मालकी असेल तर तसं पत्र, भागीदारी असेल तर करारनामा, कंपनी असेल तर नोंदणीचे कागद
- मालक किंवा भागीदारांची ओळखपत्रं
- जागेचा पुरावा: खरेदीखत किंवा भाडेकरार
- जागेचा नकाशा आणि साठवणुकीच्या सोयीचं थोडक्यात वर्णन
- सक्षम तांत्रिक व्यक्तीची शैक्षणिक प्रमाणपत्रं आणि लागत असेल तिथे अनुभवाचा दाखला
- नियमांचं पालन करू असं हमीपत्र
- पॅन, जीएसटी क्रमांक, फी भरल्याची पावती

तांत्रिक व्यक्ती म्हणजे पदवीधर, नोंदणीकृत फार्मासिस्ट, किंवा बारावी पास आणि उपकरणांच्या कामाचा एक वर्षाचा अनुभव असलेला माणूस. तुम्ही स्वतः पदवीधर असाल तर वेगळा माणूस शोधायची गरज नाही. अनेकांना हे माहीत नसतं आणि ते कुणातरी फार्मासिस्टला महिन्याला पैसे देऊन बसतात.

सापळा भाडेकरारात असतो. करार तुमच्या वैयक्तिक नावावर आणि अर्ज फर्मच्या नावावर, पत्त्यात एकीकडे गाळा नंबर आणि दुसरीकडे सर्व्हे नंबर, अशा फरकावर अर्ज परत येतो. माझा परत आला होता तो याच कारणाने. सगळ्या कागदांवर नाव आणि पत्ता अक्षरशः एकसारखा करून घ्या.

५. गोदाम आणि रजिस्टर

कोरडी, सावलीची, उंदीर न येणारी खोली आणि भिंतीपासून हातभर अंतर सोडून रॅक, एवढ्यावर भागतं. विकलेल्या प्रत्येक खोक्याचा बॅच नंबर, नग आणि गिऱ्हाईक लिहून ठेवणं नियमाने बंधनकारक आहे. कंपनीने एखादा बॅच परत मागवला तर तुम्हाला तासाभरात सांगता आलं पाहिजे की तो कुठल्या आयसीयूत गेलाय. ज्याची मुदत आधी संपते ते खोकं पुढे ठेवा.

६. पहिला साठा उचलण्याआधी सॉकेट बघा

प्रत्येक मॉनिटर कंपनीचं आयबीपीचं सॉकेट वेगळं असतं आणि ट्रान्सड्यूसरच्या बाजूचे कनेक्टरही चार-पाच प्रकारचे आहेत. सेन्सरची विद्युत संवेदनशीलता जवळपास सगळीकडे सारखी असल्याने योग्य इंटरफेस केबल मिळाली की एका कंपनीचा ट्रान्सड्यूसर दुसऱ्याच्या मॉनिटरवर चालतो. पण केबल नसेल तर तो खोक्यातच राहतो.

माझ्या पहिल्या ऑर्डरमध्ये मी स्कीमच्या मोहाने २०० किट उचलली. तीन हॉस्पिटलांनी तोंडी होकार दिला होता. गेलो तर तिघांकडे वेगळ्या कनेक्टरच्या केबली. नव्या केबली स्वतःच्या खर्चाने करून द्याव्या लागल्या, तरी शेवटची चाळीसएक किट मुदतीबाहेर जाऊन फेकावी लागली. म्हणून आता आधी सर्व्हे: हॉस्पिटलाचं नाव, मॉनिटरची कंपनी आणि मॉडेल, आयबीपी चॅनेल किती, सॉकेटचा मोबाइलवर काढलेला फोटो, केबली किती आणि त्यातल्या चालू किती. वीस हॉस्पिटलांचा असा तक्ता झाला की मगच ऑर्डर द्या.

७. भाव कसा काढायचा

२२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वैद्यकीय उपकरणांवर ५ टक्के जीएसटी आहे, पण देखभालीच्या करारावर, म्हणजे एएमसी-सीएमसीवर, १८ टक्के. कोटेशनमध्ये दोन्ही एकाच ओळीत टाकलं तर फरक तुमच्या खिशातून जातो. वेगळ्या ओळी, वेगळे दर.

छापील किमतीवर सरकारची नजर असते. औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ प्रमाणे उत्पादकाला कोणत्याही उपकरणाची कमाल किरकोळ किंमत १२ महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. जुलै २०२१ मध्ये रक्तदाब मोजायच्या यंत्रांसह पाच उपकरणांच्या व्यापारी नफ्यावर ७० टक्क्यांची मर्यादा घातली गेली. त्याआधी फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधी स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली, तेव्हा मी नोकरीत होतो आणि स्टेंटवर उभ्या असलेल्या ओळखीच्या डीलरांचा हिशोब रातोरात बदललेला पाहिला. मला तो निर्णय रुग्णांसाठी योग्यच वाटतो. पण सगळा धंदा एकाच वस्तूच्या जाड मार्जिनवर उभा करू नये, हे मी तेव्हा ठरवलं.

‘मशीन फुकट लावा, आम्ही डिस्पोजेबल तुमच्याकडूनच घेऊ’ असा प्रस्ताव येईल. आउटपुट मॉनिटरच्या बाबतीत ही पद्धत रूढ आहे आणि वाईट नाही. मात्र महिन्याला किमान किती नग घेणार, नाही घेतले तर मशीन कधी उचलायचं आणि मोडतोड कुणाच्या माथी, हे लिहून सही घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे पेशंट जास्त असणाऱ्या हॉस्पिटलात पॅकेजची रक्कम ठरलेली असते. तिथे प्रत्येक डिस्पोजेबल त्या रकमेतून वजा होतो. अशा ठिकाणी महागड्या सेन्सरचा खप होकारापेक्षा बराच कमी निघतो.

८. डेमो

डेमोला सकाळी राउंड संपल्यावर जा, ओपीडीच्या गर्दीत नको. आधी इनचार्ज सिस्टर आणि बायोमेडिकल इंजिनिअर यांना दाखवा, मग डॉक्टरांना. मोठे डॉक्टर शेवटी त्या दोघांनाच विचारतात, “चालतंय का नीट?”

मशीन काय करू शकत नाही, तेही सांगा. लहरीवरून आउटपुट काढणारे सेन्सर अनियमित ठोक्यांच्या पेशंटमध्ये, महाधमनीची झडप गळत असेल तर, किंवा हृदयाला मदत करणारा बलून पंप चालू असेल तर भरवशाचे राहत नाहीत. हे मी पहिल्या दहा मिनिटांत बोलतो. एका ज्येष्ठ भूलतज्ज्ञ मॅडमनी यावरच मला ऑर्डर दिली. त्या म्हणाल्या, “आधीचे तिघं हे सांगितल्याशिवाय गेले.”

९. सरकारी खरेदी

राज्याच्या हॉस्पिटलांची मोठी खरेदी पूर्वी हाफकिन या सरकारी कंपनीमार्फत व्हायची. आता त्यासाठी २०२३ च्या कायद्याने महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आहे. शिवाय जेम या केंद्राच्या सरकारी खरेदी पोर्टलवर नोंदणी करून ठेवा, तिथे छोट्या ऑर्डरही निघतात.

सापळे इथे दाट आहेत. सर्वांत मोठा उद्यमचा, म्हणजे लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीचा. जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम प्रमाणपत्र मिळतं, पण ते फक्त बँकेच्या प्राधान्यक्रम कर्जापुरतं. अनामत रकमेतली सूट, राखीव खरेदी, ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा कायदेशीर हक्क, यातलं काहीच माल घेऊन विकणाऱ्याला लागू नाही. अनामत न भरता नुसतं उद्यम जोडून टेंडर भरलं आणि पहिल्याच छाननीत बाद झालं, असे तिघं माझ्या ओळखीत आहेत.

स्पेसिफिकेशन ओळ न ओळ वाचा. ‘दोन आयबीपी चॅनेल’ म्हटलं असेल तर दुसरी केबल किमतीत धरलीय का? वॉरंटी पाच वर्षं असेल तर बॅटरी, कफ आणि सेन्सर त्यात येतात का? करार अडीच लाखांच्या वर असेल तर सरकारी खातं बिलातून २ टक्के जीएसटी टीडीएस कापतं. ते पैसे परत मिळतात, पण तोवर हातात नसतात. चीनसारख्या सीमेलगतच्या देशांतल्या बोलीदारांना जुलै २०२० पासून वेगळी नोंदणी लागते. तुमची कंपनी त्यात मोडते का, हे भरण्याआधी विचारा. आणि माल स्वीकारल्याचं प्रमाणपत्र निघाल्याशिवाय बिलाची फाइल हलत नाही. तेव्हा इन्स्टॉलेशनच्या दिवशीच संबंधितांची सही आणि शिक्का घेऊन परता.

१०. उधारी आणि ‘कट’

कंपनीला तुम्ही आगाऊ पैसे देता, खासगी हॉस्पिटल तुम्हाला तीन-चार महिन्यांनी देतं. महिन्याला तीन लाखांचा माल जात असेल आणि वसुली चार महिन्यांची असेल तर बारा लाख कायम बाहेर अडकलेले असतात. त्यात बिल फाडलं की पैसे येवोत न येवोत, त्या महिन्याचा जीएसटी भरावाच लागतो. एवढं भांडवल नसेल तर दोनच हॉस्पिटलं धरा. माझे एका ठिकाणी सात महिने पैसे थकले होते. शेवटी ट्रान्सड्यूसर रोखीने द्यायला लागलो आणि जुनी बाकी दर बिलामागे थोडी थोडी वसूल केली. संबंध टिकले, पैसेही आले.

कुणीतरी, कधीतरी ‘आमचं काय?’ म्हणत कट, म्हणजे कमिशन मागेल. नकार द्या. उपकरण कंपन्यांसाठी सप्टेंबर २०२४ पासून केंद्राची विपणन आचारसंहिता आहे. डॉक्टरांना भेटवस्तू, रोख रक्कम, सहली तिच्यात निषिद्ध आहेत. शिवाय तो पैसा शेवटी आयसीयूत पडलेल्या माणसाच्या बिलातून वसूल होतो, आणि त्याचे नातेवाईक बाहेर बाकड्यावर कर्जाचे फोन करत बसलेले आपण रोज पाहतो.

११. विकल्यानंतर

फोन रात्री उचला. नाही जमलं तर रात्रीसाठी माणूस ठेवा. एक मॉनिटर, दोन केबली आणि दहा किट स्टँडबाय म्हणून गाडीत किंवा घरी कायम हव्यात. वर्षातून दोनदा प्रत्येक मॉनिटरचा दाब ठरलेला दाब देणाऱ्या प्रमाणित सिम्युलेटरशी ताडून बघा आणि तारखेचं स्टिकर लावा.

उपकरणामुळे पेशंटला इजा झाली किंवा थोडक्यात टळली, तर ते दाबून ठेवू नका. भारतात जुलै २०१५ पासून उपकरणांमुळे होणाऱ्या इजांची नोंद ठेवणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून तो चालतो आणि तिथे कुणीही नोंद करू शकतं. कंपनीलाही त्याच दिवशी लेखी कळवा.

१२. पहिल्या भेटीची बॅग

आयसीयूत पहिल्यांदा जाताना माझ्या बॅगेत हे असतं:

- एमडी-४२ आणि कंपनीच्या परवान्याची प्रत, अधिकारपत्र
- एक उघडलेलं आणि एक सीलबंद ट्रान्सड्यूसर किट
- चार प्रकारच्या इंटरफेस केबली
- प्रेशर बॅग आणि दाब तपासायचा छोटा सिम्युलेटर
- सर्व्हेचा कोरा तक्ता
- मराठीत छापलेलं एक पानाचं कार्ड: पातळी, झिरो, फ्लश. सिस्टर लोक ते मॉनिटरच्या मागे चिकटवतात
- मोजायची टेप. त्या रात्रीपासून ती बॅगेतून काढलेली नाही